यंत्राला 'लागणे' शिकवताना

सांगलीत, गावभागात, वरच्या खोलीत, रात्री साडेअकराला
मी साध्या मराठी वाक्यांनी एका यंत्राला
हरिपूर शिकवत बसले आहे.

तसं ते आज्ञाधारक आहे.
'अंगण ही जागा आहे' म्हटलं की अंगण होतं.
'कंदील अंगणात आहे' म्हटलं की असतो.
फक्त विचारून घेतं,
पेटलेला धरू, का विझलेला?

अडतं ते क्रियापदांपाशी.
'तातोबा पेवात उतरतो' असं लिहिलं
तर म्हणालं, उतरणे माहीत नाही.
मग सगळी रूपं मांडून द्यावी लागली,
उतरतो, उतरली, उतरले, उतरणार,
आणि उतरण्याआधी दोरीला बांधून कंदील सोडतात,
तो विझला तर खालची हवा वाईट,
माणूस वरच थांबतो,
हेही उतरण्यातच धरायचं म्हणून सांगितलं.
यंत्राने ते एका दमात गिळलं.
तातोबाला शिकायला दोन उन्हाळे गेले होते.
त्याच्या धाकट्या भावाने एकदा कंदील सोडला नाही.
ते मी लिहिलं नाही.

नाती त्या मानाने सोपी.
जाऊ दोन्हीकडून सारखी:
ही तिची, की आपोआप ती हिची. एका ओळीत काम.
साडू तसेच. विहिणीही तशाच
(त्यांच्याबद्दल यंत्राची काय समजूत झाली, देव जाणे).
मामाचा बाण एकाच दिशेचा,
मामा एक, भाचे कितीही.

मग सहज विचारलं,
'जैतुनबी तातोबाची कोण लागते?'

लागणे: एकाहून जास्त अर्थ सापडले.

खरंच की.
ठेच लागते. उचकी लागते. भात खाली लागतो.
सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव लागतो,
कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागते,
दार लागतं, डोळा लागतो,
आणि ह्याच शब्दाने आपण विचारतो
माणूस माणसाचं कोण.
जसं काही नातं म्हणजे
अंधारात चालताना पायाला आलेलं काहीतरी.

तिची अकरा पोती, तातोबाची चौतीस,
एका पेवात, एका पाचटावर, सात वर्षं.
तोंडावर एक फरशी, फरशीवर माती.
कागद नव्हता.
माझ्या जन्माच्या वेळी आईला दूध येईना,
तेव्हा जैतुनबीने शेळी आणून दारात बांधली,
'राहू दे,' म्हणाली, आणि गेली.
(तातोबा माझे वडील. यंत्राला हे सांगितलेलं नाही.)

शेवटी शब्दच केला नवा.
पेवसोबत: ज्यांची हळद एका पेवात, त्यांच्यातलं नातं.
दोन्हीकडून सारखं.
यंत्र खूश. चाचणी घ्या म्हणालं.

घेतली.
'कृष्णेचं पाणी पेवात शिरतं. पेव खचतं.'

पेव आता नाही. त्यावर टेकलेलं एक नातं आहे. काढू?

त्या वर्षी पाणी ओसरल्यावर
ती साडी खोचून आली होती.
दोघं दोन दिवस काळी पडलेली हळद उपसत होती,
तुझी कुठली, माझी कुठली, न निवडता.
वास दिवाळीपर्यंत गेला नाही.
त्यानंतर ती पेवाचं नाव काढत नसे.
गुरुवारी मात्र येऊन बसायची,
काही बोलायची नाही, आईच्या हातची सुपारी खायची.

नाही, असं टाइप केलं.

मग नातं ठरवू कशावरून?

बराच वेळ बसले.
खाली कुणीतरी शटर ओढलं.
वाहून जाणार नाही अशी एक अट हवी होती, एकच.
लिहिलं:
'तिने शेळी परत नेली नाही.'

शेळी माहीत नाही.
नेणे माहीत नाही.
परत माहीत नाही.

बरं.
उद्या शेळीपासून.